चक्कीच्या आवाजात सांगता येईल असं वाक्य

वर्षाची माय,

तू गेल्यावर जो आला त्यानं मले एकच विचारलं अन् मी सगळ्याईले एकच उत्तर दिलं. "एकाएकी कसं काय झालं हो?" "काय सांगू, काही बोललीच नाही ती." चिखलीच्या डॉक्टरले हेच सांगितलं. तुझ्या भावाले हेच. शेजारच्या गिरजाबाईले हेच. ती ओसरीवर बसून डोळ्याले पदर लावत म्हणाली, "मोठी सोशीक बाई. कदी 'दुखते' म्हनून तोंड उघडलं नाई." मी मान हलवली.

ते खोटं आहे. तुले माहीत आहे अन् मले माहीत आहे. तू मले तीनदा सांगितलं.

वर्षानं ही वही पुढ्यात आणून ठेवली. म्हणाली, "बाबा, मायविषयी तुम्हीच लिहा. मी छापून घेते, सगळ्यांना देऊ." मी चौथी शिकलेला चक्कीवाला माणूस. दळणाच्या डब्यावर नाव लिहिण्यापलीकडं पेन धरला नाही. तर म्हणे, "शुद्धलेखन मी पाहीन. बाकी हात लावणार नाही." मी म्हणलं, ठीक, पण तुले-मले तसंच राहू दे. तुझ्या मायसंग मी पुस्तकातल्या बोलीत कधी भांडलो नाही. आता ज्याईले मी खोटं सांगितलं त्याईच्याच हातात हा कागद पडणार आहे. म्हणून तू कोणत्या गावची, कोणाची लेक, किती वर्षं संसार केला, ते लिहीत बसत नाही. ते त्याईले ठाऊक आहे. जे ठाऊक नाही ते लिहितो.

पोरीनं फ्रेंच शिकायचं काढलं तेव्हा मी कसा भडकलो होतो, आठवते? "चक्कीवर येऊन कोन बोलनार आहे तुह्याशी फ्रेंच?" तू गव्हातले खडे वेचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुमच्याशी मराठीत बोलून तरी कोनता उपेग होते?" पोरगी फिसकन हसली अन् मी हरलो. ती पुण्याले गेली, शिकली, अन् फ्रेंच प्रोफेसर लोकांची जाडी जाडी पुस्तकं इंग्रजीत करायचं काम धरलं. मले त्यातलं काही कळत नव्हतं. तुलेही नव्हतं. तू सातवी शिकलेली. इंग्रजी म्हणजे तुझ्यासाठी गोळ्याच्या पाकिटावरची अक्षरं.

तरी ते काम तू केलंस, आपल्या चक्कीत उभं राहून, कपाळाले पीठ लागलेलं असताना. गावात कोणी मानणार नाही.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी पोरीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. चक्की चालू. तू फोन कानाले असा दाबून धरलेला, जसा काही पाझरून जाईल.

"माय, त्यांनी पानं परत पाठवली. म्हणतात, शब्द बरोबर आहेत, पण इंग्रजीत माणसं असं बोलत नाहीत."

"मंग कसं बोलतेत?"

"तेच तर कळेना! फ्रेंचमध्ये असं लिहिलेलं शोभतं. तेच शब्द इंग्रजीत मांडले की मेल्यासारखे पडून राहतात."

"जोरात बोल वं, चक्की चालू हाय!"

पोरगी ओरडली, "प्रतीक्षेची सामाजिक निर्मिती!"

"काय?"

"प्रतीक्षेची! सामाजिक! निर्मिती!"

दळणाच्या रांगेतल्या बाया हसायला लागल्या. गिरजाबाई म्हणाली, "पोरीच्या पोटात दुखते का काय वं?" तू तिले हातानं गप्प केलं अन् फोनमध्ये ओरडलीस, "हे अथी ऐकू नाई येत! लहान करून सांग! कोन वाट पाह्यते? कोनाची?"

"गरीब माणसं! ऑफिसात! साहेब त्यांना मुद्दाम बसवून ठेवतात!"

"आत्ता आलं ऐकू! मंग तसंच लिही ना! साहेब मानसाले ताटकळत ठेवते!"

पोरीनं ते तसंच इंग्रजीत लिहिलं. पानं पास झाली.

तेव्हापासून तुमचा दोघींचा तो नेमच झाला. मोबाईल तू कोनाड्यात मिठाच्या बरणीले टेकवून ठेवायचीस, आवाज मोठा करून. पोरगी आधी ते फ्रेंच वाक्य म्हणायची. मले ते गुळण्या केल्यासारखं वाटायचं. मग तेच शब्दाले शब्द लावून जड मराठीत. मग तू विचारायचीस, "यात मानूस कुठी हाय? कोन? काय केलं? कोनाले केलं?" अन् शेवटी तुझी परीक्षा, "चक्की चालू असताना सांगता येते का ते?"

ती परीक्षा खोटी नव्हती. चक्कीच्या घरघरीत लांब शब्द विरून जातात. बाया एकमेकींले तिथं काय सांगतात? "नंदेले पोरगी झाली!" "मोटर जळली!" "त्यानं तिले माहेरी धाडलं!" कोण, काय, कोणाले. एवढंच चक्कीच्या पट्ट्याच्या पलीकडं पोचते. पोरगी म्हणायची, "माय, माझ्या वर्गात हे कोणी शिकवलं नाही." तू म्हणायचीस, "वर्गात चक्की नसंन."

मी तिथंच असायचो, पट्ट्याजवळ. मले गंमतही वाटायची अन् रागही यायचा. राग याचा की तू उदाहरणं आपल्या घरातली द्यायचीस.

त्या बेरिंगचं आठव. पोरगी म्हणाली, "स्त्रियांच्या ज्ञानाचं अवमूल्यन." तू क्षणभर पाहिलं माझ्याकडं, अन् सुरू झालीस. "म्हंजे असं पाह्य. म्या तुह्या बापाले आठ दिस सांगतलं, बेरिंगचा आवाज बदलला. हा म्हने, तुले काय कळते. मंग चिखलीहून मिस्तरी आला. त्यानं कान लावला अन् म्हनला, बेरिंग गेली. तुहा बाप काय म्हनला माहीत हाय का? 'हाव, मलेबी वाटतच होतं.'" फोनमधून पोरगी खिदळते, इकडं बाया खिदळतात. पोरीनं त्याचं इंग्रजी केलं अन् मले मराठीत सांगितलं: बाईचं बरोबर असते, पण माणूस बोलेपर्यंत ते कोणी मानत नाही. मी त्या दिवशी चहा घेतला नाही. तूही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

अन् आपलं ते भांडण. ते काही मिटलं नाही. मी म्हणायचो, मोठे शब्दच बरे. पंचायतीचं पत्र येते, 'निधीअभावी काम प्रलंबित आहे'. कोणाचं नाव नाही, कोणाशी भांडण नाही. तुझ्यासारखं केलं तर काय होईल? अमक्यानं काम केलं नाही. उद्या तो दारात उभा. तू म्हणायचीस, "म्हनूनच तर नाली अजून तुंबून हाय." मी म्हणायचो, "त्या फ्रेंच मास्तरालेबी गावात राहाचं असंन बापा. म्हनून तो कोनाचं नाव घेत नाई." तू म्हणालीस, "तो नाव घ्याले भेत नसंन. त्याले मानूस दिसत नसंन. तुमाले दिसते, अन् तुमी भेता." याचं उत्तर मी तेव्हापासून शोधत होतो. तू आठ-दहा दिवस थांबली असतीस तर कदाचित सापडलं असतं, अन् खोटंच सापडलं असतं.

आता त्या तीन वेळा लिहितो.

पहिली वेळ. होळी झाली होती, नवा गहू निघाला होता, अन् आपल्या दारात डब्याची रांग. तू गिरजाबाईचा डबा उचलून वर ओतायला निघालीस अन् अर्ध्यात खाली ठेवलास. खांबाले धरलंस. मी म्हणलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "इथं आवळल्यासारखं होते. डाव्या हातात कळ येते." मी म्हणलं, "गॅस असंन. ओवा खा." अन् डबा मी ओतला. डबा ओतला म्हणून मले वाटलं, मी मोठी काळजी केली.

दुसरी वेळ चार-पाच दिवसांनी, जेवताना. "वर्षाचे बाबा, चिखलीले जाऊन दाखवून येऊ का?" तू असं कधी म्हणत नव्हतीस. आपल्या घरात दवाखाना म्हणजे माझे गुडघे. मी म्हणलं, "आता नव्या गव्हाचे दिस. चक्की बंद ठेवली तर बाया दुसऱ्या गावी जातीन. पाडव्यानंतर जाऊ." तू "बरं" म्हणालीस अन् माझ्या ताटात भाजी वाढलीस.

तिसरी वेळ मात्र तू मले सांगितलंच नाहीस. पोरीले सांगत होतीस. म्हणजे मलेच सांगत होतीस, पण पोरीच्या मधून.

दुपारची वेळ. लाईट गेली होती अन् नुकतीच आली होती. चक्की बंद, रांगेतल्या बाया लाईट नाही पाहून घरी गेलेल्या. पोरीचा फोन आला. हे पुस्तक घरातल्या बायांच्या दुखण्यावर होतं, कोण्या फ्रेंच प्रोफेसर बाईनं घरोघर बसून लिहिलेलं. पोरगी म्हणाली, "माय, हे एक वाक्य दोन दिवस अडलंय. घरगुती अवकाशातील वेदनेचं अनुच्चारण."

तू म्हणालीस, "यात मानूस कुठी हाय?"

"कोणीच नाही ना! वेदना आहे, घर आहे. अन् उच्चार नाही."

मी ओट्यावर बसून, चक्कीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याले राळ लावत होतो. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. बेरिंगच्या वेळी पाहिलं होतंस, हसत. या वेळी कोनाड्यातल्या बरणीकडं पाहत होतीस. अन् म्हणालीस, "म्हंजे असं पाह्य वर्षा. बाईचं दुखते. अन् ते ती..."

मी उठलो अन् स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं.

चक्कीत दाणा नव्हता.

हे चक्कीवाल्यालेच कळेल मी काय केलं ते. रिकामी चक्की कोणी लावत नाही. दाणा नसला तर दगडावर दगड घासतो. ठिणग्या उडतात, जळका वास सुटतो, टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून, दगडाले केलेली सगळी धार जाते. नवा पोरगाही ही चूक करत नाही. मी इतक्या वर्षांत केली नव्हती. त्या दिवशी केली. आपल्या घरची गोष्ट पुस्तकात जाईल, सात समुद्रापलीकडले लोक वाचतील, म्हणून. तुझं नाव त्यात येणार नव्हतं, माझंही नव्हतं. पण मले वाटलं माझंच येते आहे.

फोनमधून पोरगी "हॅलो, हॅलो माय" करत होती. तिले फक्त घरघर ऐकू जात होती. तू थांबली नाहीस. तू बोलत राहिलीस. अन् मले ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण जन्मभर चक्कीवर उभ्या राहिलेल्या माणसाले ओठ वाचता येतात. आपण दोघं तसेच तर बोलत आलो. तुझे ओठ म्हणाले, "...नवऱ्याले सांगते. तो म्हनते, पाडव्यानंतर. ती पुन्ना सांगते. मंग कोनालेच नाई सांगत. सांगून थकली असते."

मग तू माझ्याकडं पाहिलंस. मी बटन बंद केलं. खोलीत धूर होता.

संध्याकाळी पोरीचा पुन्हा फोन आला, तेव्हा तूच बोललीस. "अवं लाईट आली म्हनून तुह्या बापानं चक्की लावली. तुले समजलं ना पन? मोठं काही नोहतं." तू मले पाठीशी घातलंस. मी शेजारी बसून ऐकत होतो अन् मले हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच हायसं वाटलं.

दगड खराब झालेत हे माहीत असून मी त्यावर पहिली आपलीच ज्वारी दळली. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ आपण ढोराले घालतो, दगडाची कच असते म्हणून. मी ते आपल्या डब्यात भरलं. का भरलं ते आज विचारलं तर सांगता येत नाही. कदाचित काही झालंच नाही असं दाखवायचं होतं. भाकर दाताखाली कचकचत होती. तुझ्याही, माझ्याही. आपण दोघांनी ती पूर्ण खाल्ली. तू एकदा थांबून तोंडातून खडा काढलास, ताटाच्या काठावर ठेवलास, अन् पुढचा घास घेतलास.

त्यानंतर तू खरंच काही बोलली नाहीस. तेवढंच लोकांले ठाऊक आहे.

पाडवा झाला. मी गुढी उतरवली अन् मले चिखलीची आठवण होती. आठवण नव्हती असं लिहिलं तर ते या वहीतलं पहिलं खोटं होईल. मी वाट पाहत होतो की तू पुन्हा म्हणशील. तू म्हणशील, मग मी कुरकुर करीन, मग जाऊ. आपलं सगळं असंच व्हायचं ना. पण तू म्हणाली नाहीस, अन् मी ते सोयीचं धरून चाललो.

चौथ्या दिवशी भर दुपारी तू सूप मांडीवर घेऊन चक्कीच्या भिंतीले टेकलीस. गिरजाबाईनं हाक मारली तर सूप घसरलं. जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझ्या केसात हरभऱ्याची टरफलं अडकली होती, ती मी एक-एक काढत होतो. चिखली येईपर्यंत काढत होतो. दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "बाबा, किती दिवसांपासून त्रास होता?"

मी म्हणलं, "काही बोललीच नाही, साहेब."

एकदा बोललं की ते चालत राहते. मग तेच वाक्य घरी घेऊन आलो.

तेरवी झाली तरी पोरगी राहिली. पुस्तक द्यायची मुदत जवळ आली होती, म्हणून तिनं तिचा तो कॉम्प्युटर ओसरीवरच्या दिवाणावर मांडला. म्हणाली, "बाबा, मायचं काम आता तुम्ही करा."

"मले काय कळते?"

"मायलाही फ्रेंच कुठं कळत होतं? फक्त ऐका, अन् खोटं वाटलं तर सांगा."

दोन-तीन वाक्यं झाली. तुझ्यासारखं मले काही जमलं नाही. मग ती त्या वाक्यापाशी आली. तिनं इंग्रजीत वाचलं, "शी कीप्स हर पेन टू हरसेल्फ." मी ते कानावरून लिहितो आहे. मराठीत म्हणाली, "ती आपलं दुखणं मनातच ठेवते. मायनं अर्धंच सांगितलं होतं, पण मला वाटतं तिला हेच म्हणायचं होतं. ती स्वतः तशीच होती. बरोबर आहे ना, बाबा?"

मी म्हणलं, "हाव."

वर्षाची माय, मी हाव म्हणलं. तुझ्या वाक्यावर.

दोन दिवसांनी सकाळी तिनं मले हाक मारली. कपाळाले आठ्या होत्या. "बाबा, हे जुळत नाही. पुढच्या पानावर त्या प्रोफेसर बाई लिहितात की घरोघरच्या बाया म्हणाल्या, आम्ही सांगितलं होतं. सांगितलं होतं! मग 'मनातच ठेवते' कसं म्हणू मी? सगळा दोष बाईवरच आला ना. मूळ वाक्यात तर कोणीच नाही. मीच माणूस घालताना चुकीचा घातला." तिनं कॉम्प्युटरवरून हात काढले. "माय त्या दिवशी पुढं काय म्हणत होती? चक्की लागली अन् मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही तिथंच होता."

मी म्हणलं, "होतो."

"तुम्हाला आलं ऐकू?"

ओसरीवर ऊन आलं होतं. मी दिवाणाच्या काठावर टेकलो. मग मी जे सांगितलं ते वर लिहिलं आहे. डबा, ओवा, पाडवा, बटन, ओठ. तुझे शब्द होते तसे सांगितले. तिनं मधी एकदाच विचारलं, "दाणा नव्हता चक्कीत?" मी म्हणलं, "नोहता." चक्कीवाल्याची पोरगी आहे ती. तिले सगळं तिथंच कळलं.

मग तिनं विचारलं, "डॉक्टरले तुमी काय सांगतलं होतं?" पुण्याची बोली गेली होती.

"बोललीच नाही म्हनून."

ती उठून गेली. दिवसभर घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. मले जेवायला वाढलं, पण ताट ठेवताना आवाज केला. मी म्हणलं नाही की मले माफ कर. ती माफी तिच्यापाशी नाही. तिच्या मनात तिचंही काही चालू असेल, की आपण हॅलो हॅलो करून फोन का ठेवला, गाडी पकडून का आलो नाही. मी तिले तेवढं मात्र सांगितलं. म्हणलं, "पोरी, तुले ऐकू येऊ नाई म्हनूनच ते बटन दाबलं होतं. तुहा काय दोष?" तिनं आपलं ताट मात्र हळू ठेवलं.

दिवस मावळायच्या आत ती पुन्हा दिवाणावर बसली. "बाबा, मायचे शब्द परत सांगा. हळू." मी सांगितले. तिनं टाइप केलं, खोडलं, टाइप केलं. मग वाचलं, "शी टेल्स हिम. शी टेल्स हिम अगेन. देन शी स्टॉप्स." मी म्हणलं, एवढंच? म्हणे, एवढंच. ती त्याले सांगते. पुन्हा सांगते. मग थांबते. इंग्रजीत याच्यावर एकही शब्द चढवायची गरज नाही.

मले इंग्रजी येत नाही, पण हे कळलं. त्या फ्रेंच बाईचं एवढं लांबलचक वाक्य, त्यात तू नव्हतीस अन् मी नव्हतो. आता त्यात तू आहेस. अन् तो 'त्याले' आहे ना, तो मी आहे. तुले उत्तर पाहिजे होतं ना आपल्या भांडणाचं? हे घे. मोठे शब्द मले याच्यासाठीच आवडत होते, की त्यात मी सापडत नव्हतो.

पोरगी म्हणाली, "अजून एक राहिलं. मायची परीक्षा." अन् चक्कीच्या बंद दाराकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. तू गेल्यापासून ते उघडलं नव्हतं. दगड खोलले. जळका काळा पट्टा तसाच होता दोन्हींवर. दिवसभर बसून टाकी लावली, दुसऱ्या कोणाले लावू दिली नाही. पहिलं पीठ ढोराले घातलं, या वेळी खरंच घातलं. तुझं सूप खिळ्याले अडकवलं. मिठाची बरणी कोनाड्यात आहे तिथंच आहे.

चक्कीचा आवाज ऐकून गिरजाबाई डबा घेऊन आली. मागं आणखी तिघी-चौघी. "बरं केलं भाऊ, चालू केली. तिलेबी बरं वाटंन." मी तिचा डबा घेतला, वर ओतला, दाणा दगडात उतरला तशी चक्की भरून बोलायला लागली. पोरगी दाराच्या चौकटीत उभी होती. मीच गिरजाबाईकडं वळलो अन् ओरडलो,

"तिनं सांगतलं होतं!"

तिनं कानामागं हात धरला.

"देवकानं! मले सांगतलं होतं! तीनदा! म्याच ऐकलं नाई!"

तुझं नाव मी जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. तुले वर्षाची माय म्हणत आलो, अन् घेतलं ते असं. सगळ्या बायांनी ऐकलं. पट्ट्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या शेवटच्या बाईलेही गेलं ऐकू, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तुझ्या परीक्षेत पास झालं ते वाक्य.

गिरजाबाईनं हात खाली घेतला. माझ्याकडं पाहत राहिली. मग काहीतरी बोलली, हळू, चक्कीच्या आवाजात विरून जाईल असं. पण मले ओठ वाचता येतात.

"आता सांगता?" म्हणाली.

हाव. आता.